चार बोटं पानथरी

उंबरखोडीत पोराचं दुखणं किती भारी आहे ते बोटांनी मोजत. पोराला उताणं निजवायचं, गुडघे वर घ्यायला लावायचे, डाव्या बरगडीखाली हात रुतवायचा, आणि तिथं जी टणक वडी लागते ती बरगडीपासून किती बोटं खाली उतरली आहे ते सांगायचं. त्या वडीला, म्हणजे वाढलेल्या प्लीहेला, पानथरी म्हणतात. एक बोट पानथरी म्हणजे काही नाही. दोन बोटं म्हणजे नजर ठेवा. तीन म्हणजे पोर आजारी, आणि चार म्हणजे पोराची आशा धरू नका. जितकी बोटं तितके डाग पोटावर, लाल तापलेल्या डागणीनं. बोटं भागाबाईची असत आणि डागणीही तिचीच.

भागाबाई तापीकाठची. दर महिन्याला एकदा डोंगर चढून यायची, पाड्यापाड्यावरची पोरं बघायची, कोंबडी नाहीतर शेरभर चारोळी पदरात घेऊन उतरायची. हाताची जाड, तोंडाची गोड. तिला लबाड म्हणता येत नाही. लबाड असती तर बरं झालं असतं, कारण लबाड माणूस कधी ना कधी पकडला जातो. ती मनापासून मोजायची आणि मनापासून डागायची. एखादं पोर दगावलं तर त्याच्या आईआधी हीच ऊर बडवायची.

हा काळ इंग्रजी अमलातला. सातपुड्याचा साग गाड्यांवर लादून नरडाण्याच्या स्टेशनात उतरवत, तेव्हाचा. उंबरखोडी हे जंगलखात्याचं गाव होतं, म्हणजे जमीन खात्याची आणि घाम गावाचा. खात्यानं दर घराला कसायला तुकडा दिलेला होता. बदल्यात खातं हाक मारील तेव्हा दर घरानं दोन माणसं द्यायची. दिली नाहीत तर तुकडा गेला. सगळ्यांत मोठी हाक पौषात यायची, जाळरेषेची. डोंगराच्या धारेवरून चाळीस हात रुंद पट्टा काढायचा, त्यातलं गवत कापायचं, पाचोळा झाडायचा आणि नजरेखाली जाळून टाकायचा, म्हणजे उन्हाळ्यात वणवा लागला तरी तो पट्टा ओलांडून सागाला लागत नाही. बारा दिवसांचं काम. सागाची एवढी काळजी घेणारं सरकार मी तरी दुसरं पाहिलं नाही.

गार्ड होता तोताराम, धरणगावकडचा. दर पौषात लोक त्याच्याकडे येऊन 'पोर आजारी शे' म्हणायचे, आणि खरं कोण, खोटं कोण हे त्याला कळायचं नाही. मग त्यानं नियम काढला. भागाबाईनं तीन बोटं किंवा वर सांगितली तर ते माणूस सुटलं, त्याच्याऐवजी दुसरं मागणार नाही. खाली सांगितली तर चला कामाला. आपण फार न्यायानं वागतो असं तोतारामला या नियमापासून वाटू लागलं होतं.

आमश्याचं घर गावाच्या वरच्या टोकाला. आमश्या, त्याची बायको चमेलीबाई, अकरा वर्षांची पोरगी कस्तुरा आणि सात वर्षांचा पोरगा पुन्या. यांच्या मधली दोन पोरं तान्हेपणीच गेली होती, दोन्ही तशीच, हातापायाचे पंजे सुजून टम्म झाले आणि रडून रडून आवाज बसला. उरलेल्या दोघांनाही तेच दुखणं होतं, हाडमोड. थंडी पडली, ओढ्यात भिजलं, जास्त धावलं की मांड्या, पाठ, दंड आतून कुणी पिळतंय असे दुखायचे. डोळ्यांत हळद कालवल्यासारखा रंग. कस्तुरा अकराची, पण आठाची दिसायची. हा आजार आईबापाच्या रक्तातून उतरतो, हे कळायला आणि त्याला नाव मिळायला अजून कित्येक वर्षं जायची होती. तोवर पानथरी होती.

त्या पौषात चमेलीबाईला नववा लागला होता. म्हणजे जाळरेषेला आमश्या एक, आणि दुसरं माणूस कोण, हा प्रश्न होता. मागल्या साली कस्तुराची पानथरी चार बोटं होती, ती सुटली होती. पुन्याची या साली चार निघाली. भागाबाईनं त्याला चार डाग दिले आणि सांगितलं, "याले काळीज खावाले द्या, अंडं द्या. कामले हात लावू देऊ नका." पुन्या किंचाळून किंचाळून निपचित पडला.

मग कस्तुरा निजली. तिनं आपणहून झगा वर केला. पोटावर जुने डाग होते, चौदा. काही पांढरे पडलेले, काही अजून काळे.

"पाय वर ले बेटा. पोट ढिलं सोड," भागाबाई म्हणाली. तिनं बोटं घातली. पुन्हा घातली. कुशीवर वळवून घातली. कपाळाला आठी पडली.

"काय व्हयनं वं अक्का?" चमेलीबाईनं घाबरून विचारलं.

"अवं, पानथरीच नही! मांगला साले चार बोट व्हती, तूच सांग. आते हातलेच लागत नही. जिरी गयी बठ्ठी!" भागाबाईच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "मन्हा डाग लागू पडनात, माय!"

चमेलीबाई आधी हसली. पोटावर हात ठेवून मोठ्यानं हसली, इतकी की पुन्या डोळे उघडून बघायला लागला. तिनं भागाबाईला दोन कोंबड्या दिल्या. आणि हसता हसताच तिच्या मनात आलं, चला, दुसरं माणूस मिळालं. हे मनात आल्याबरोबर तिला स्वतःची लाज वाटली. पण आलेलं गेलं नाही.

"मंग मन्ह्या मांड्या काबर दुखतस?" कस्तुरानं विचारलं.

"ती सवय पडी गयी तुले," भागाबाई लाडानं म्हणाली. "पानथरी गयी का दुखणंबी गयं. आते दुखस म्हनशी ते लोके हासतीन."

चमेलीबाईजवळ तिचं स्वतःचं एक माप होतं. चुलीजवळ नदीतला एक चपटा दगड असायचा, भाकरीएवढा. कस्तुराची हाडं दुखायला लागली की ती म्हणायची, "माय, दगड तपाड," आणि तापलेला दगड फडक्यात गुंडाळून मांडीवर धरून बसायची. महिन्यातून दोनदा दगड मागितला तर पोर बरी. आठदा मागितला तर वाईट. आणि सगळ्यांत वाईट दिवस तो, की ज्या दिवशी ती काहीच मागत नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहते. त्या महिन्यात कस्तुरानं दगड रोज मागितला होता. म्हणजे या मापानं पोर कधी नव्हे इतकी आजारी होती. चमेलीबाईजवळ दोन मापं होती आणि तिनं भागाबाईचं घेतलं. मी तिला दोष देत नाही. नववा महिना लागलेल्या बाईला चाळीस हात रुंदीचा पट्टा झाडायला जायचं नसेल, तर तिला दोष कोण देईल? पण घेतलं ते तिनं घेतलं.

आमश्या फार बोलणारा माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी कोयत्याला धार लावता लावता तो म्हणाला, "पोर बरी नही शे."

"भागाक्का म्हने पानथरी जिरनी."

"भागाक्कानी बोटं लायी. मी उचली देखी. मांगली दिवाईले उचली व्हती, तैथीन आते हलकी लागस. बरं व्हयेल पोर हलकी कशी व्हई?"

"मंग जाळरेषले कोन जाई? मी जाऊ?" चमेलीबाई फाटकन बोलली.

आमश्यानं तिच्या पोटाकडे बघितलं आणि कोयता खाली ठेवला. पायथ्याच्या बंगल्यावर डॉक्टरसाहेब आला आहे, तापाची पोरं तपासतो, हे त्यानं ऐकलं होतं. साहेबानं चिठ्ठी दिली तर गार्डला ऐकावंच लागेल. त्यानं पोरीला पाठीवर घेतलं आणि निघाला. चार कोस उतार. कस्तुराचे पाय त्याच्या कमरेशी हेलकावे घेत होते, आणि पाऊल जोरात पडलं की ती दात दाबून 'स्स' करायची. मग तो पाऊल हळू टाकू लागला. त्यामुळं पोचायला दुपार झाली.

बंगल्यापुढं आवळीखाली पोरांची रांग होती. सत्तर-ऐंशी पोरं, सगळी उघडी. एक कंपाउंडर टेबलाशी बसून लिहीत होता. डॉक्टर शहरचा, तरुण, धुतल्या कपड्यांचा. तो काय करतो ते बघून आमश्याचा धीर सुटला. तोही पोराला निजवत होता, गुडघे वर घ्यायला सांगत होता आणि बोटं घालत होता.

"तीन," डॉक्टर म्हणायचा, आणि कंपाउंडर तीन लिहायचा. "दोन. चार. चार." ज्याची पानथरी निघे त्याला कडू गोळ्या मिळत.

कस्तुरा निजली. डॉक्टरची बोटं गार होती, ती शहारली.

"काही नाही," डॉक्टर म्हणाला.

"निरंक," असं म्हणत कंपाउंडरनं लिहिलं.

डॉक्टरनं तिच्या पापणीला अंगठा लावला. "डोळे पिवळे आहेत," तो म्हणाला. आमश्या पुढं सरकला. डॉक्टरनं परत डोळ्यात बघितलं, रांगेकडे बघितलं, सूर्याकडे बघितलं. "कावीळ होऊन गेली असेल. दूध पाजा हिला."

"साहेब, हिना हाड दुखतस. कामवर जावानं शे. एक चिठ्ठी द्या, गार्डले दाखाडाले."

"कसली चिठ्ठी? ताप नाही, पानथरी नाही. या रांगेत तुझीच मुलगी सगळ्यांत निरोगी आहे. आजारी नाही तिला आजारी लिहू?" मग त्याची नजर पोटावर गेली. "आणि हे चटके कुणी दिले? जनावर आहे का ही? रानटी लोक!"

आमश्यानं मान खाली घातली. रांगेतली पोरं त्याच्याकडे बघत होती. पोरीचा झगा खाली ओढून त्यानं तिला पाठीवर घेतलं.

चढावर ती म्हणाली, "बा, मी बरी शे का?"

"साहेब म्हने बरी शे."

"मंग दुखस काबर?"

आमश्यानं वाटेवरची दोन पिकली बोरं तोडून तिच्या हातात दिली. ती तिनं खाल्ली नाहीत, पुन्यासाठी मुठीत धरून ठेवली.

जाळरेषेचं काम उजाडताच सुरू व्हायचं. धारेवर गवताच्या पात्यांवर दंव गोठलेलं असायचं, पाऊल ठेवलं की तळवा बधिर. पुरुष कोयत्यानं झुडपं आणि गवत तोडायचे, बाया आणि पोरं मागून डहाळ्यांच्या खराट्यांनी पाचोळा झाडून मधोमध ढीग करायची. दर घराला रोजची शंभर पावलं लांबी नेमून दिलेली. ती झाल्याशिवाय खाली उतरायचं नाही. पाणी खालच्या नाल्यात, वर आणायचं तर अर्धा दिवस जातो, म्हणून प्यायला एकेक घडा आणि तोही दुपारपर्यंतच पुरायचा. कस्तुराला पाणी फार लागायचं. पहिल्या दिवशी तिनं बापाच्या वाट्याचंही प्यायलं. दुसऱ्या दिवशी बायांनी घडा झाकून ठेवला.

चपटा दगड तिनं ओटीत आणला होता. सकाळी शेकोटीत तापवून घ्यायची आणि झग्याखाली कमरेला बांधून झाडायची. आमश्या स्वतःचं तोडायचं काम भराभर उरकून तिच्या वाटणीचंही झाडायचा. दोन दिवस असे निभले.

तिसऱ्या दिवशी ती बसली. खराटा मांडीवर घेऊन धारेवर नुसती बसली. तोताराम वरून येत होता. डोक्याला मफलर, हातात वेताची काठी.

"काय रे आमश्या, राणी दमली का?"

"हाड दुखतस, साहेब. घडीभर बसू द्या."

"भागाबाई काय म्हणाली?"

आमश्या तिच्या वाटणीचा पाचोळा ओढू लागला.

"बोल ना. किती बोटं?"

"काहीच नही म्हने."

"आणि डॉक्टरसाहेब?"

"त्याबी तेच म्हनेत."

तोताराम हसला. चांगल्या मनानं हसला. त्याला आपला नियम सगळ्यांना पटवून द्यायचा होता. त्यानं बायांना हाका मारल्या, पुरुषांना काम थांबवायला लावलं. मग कस्तुराला म्हणाला, "नीज इथं."

ती बापाकडे बघायला लागली.

"नीज म्हणतो ना. तुला कुणी खात नाही."

कस्तुरा दंवावर उताणी निजली. तोतारामनं काठीच्या टोकानं झगा वर सारला, उकिडवा बसला आणि आपली बोटं तिच्या बरगडीखाली घातली. "बघा. बोटभरसुद्धा नाही. उद्या म्हणाल गार्ड अन्याय करतो. या, तुम्हीच बघा." दोन बाया पुढं आल्या. दोघींनी हात घालून बघितला आणि एक म्हणाली, "खरंच नही व माय. मन्ही पोरनी तीन बोट शे तरी ती पाणी भरस." लोक हसले. त्यांना हसायला काही वाईट कारण नव्हतं. ती बारा दिवसांची वेठ सगळ्यांच्याच अंगावर होती, आणि एकजण फुकट बसतोय म्हटलं की माणसाला हसू येतंच.

आमश्या दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याच्या हातात धार लावलेला कोयता होता. कोयता हातात असून आपण काही केलं नाही, हे तो मरेपर्यंत विसरला नाही.

कस्तुरा उठली. पाठ ओली झाली होती, केसांना गवत चिकटलं होतं. तिनं झगा सारखा केला आणि खराटा उचलला. आमश्या जवळ आला तसं ती हळूच म्हणाली, "तू नको बोलू बा. मी झाडस."

त्यानंतर ती बसून राहिली नाही, पण तिला उभंही राहता येईना. गुडघ्यांवर रांगत, एका हातानं झाडत पुढं सरकायची. गुडघे सोलले. दगड रोज मागायची. आमश्या तापवून द्यायचा. पाचव्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर चमेलीबाईनं तिचे गुडघे बघितले आणि तेल लावलं. "सात दिनच राहिनात बेटा," ती म्हणाली. "मंग मी तुले काळीज करी देसू. पुन्याले नही, तुलेच." त्या रात्रीचं काळीज पुन्याच्या ताटात होतं. भागाबाईनं सांगितलं होतं तसं.

सातव्या दिवशी कस्तुरानं दगड मागितला नाही.

आमश्यानं तो तापवून आणला, फडक्यात गुंडाळून पुढं केला. तिनं हातानं बाजूला सारला. अंग चटका बसावा इतकं तापलं होतं. श्वास छोटा छोटा येत होता, घेताना नाकपुड्या फुलत होत्या.

"छातीमा दुखस," ती म्हणाली. "श्वास लिधा का दुखस."

आमश्यानं तिला झुडपाच्या सावलीत ठेवलं आणि तोतारामला शोधायला धारेवरून पळत गेला. तोताराम दुसऱ्या टोकाला होता. तो यायला घटकाभर लागली. त्यानं पोरीच्या कपाळाला हात लावला आणि लगेच मागे घेतला. "घेऊन जा हिला," मग तो म्हणाला. "जा, जा लवकर."

आमश्यानं पाठीवर न घेता पोरीला छातीशी धरलं आणि उतार धरला. ओढ्याच्या अलीकडे तिनं पाणी मागितलं. तो ओंजळ भरून आला तोवर तिला गिळता येईना, पाणी ओठांच्या कडेनं गळ्यावर आलं. ऊन कलायच्या आत ती गेली. उचलून घरी नेताना आमश्याला ती परत हलकी लागली.

चमेलीबाईनं तिला न्हाऊ घातलं. पोटावरून हात फिरवता फिरवता तिची बोटं आपोआप बरगडीखाली गेली. मऊ. सपाट. काही नाही. भागाबाई खरं बोलली होती, डॉक्टर खरं बोलला होता, गार्ड खरं बोलला होता. पानथरी नव्हतीच; ती बरी झाली नव्हती, दुखण्यानंच ती आतून सुकवून संपवली होती. चमेलीबाईची बोटं तिथंच राहिली, बाया तिला ओढेपर्यंत.

पुरून आले तेव्हा तोतारामचा माणूस दारात होता. गार्डसाहेबाला वाईट वाटलं, असं त्यानं सांगितलं. आणि पाच दिवस उरलेत, तेवढ्यापुरतं दुसरं माणूस द्यावं लागेल, नाहीतर वरून विचारणा होते, असंही सांगितलं. घरात दुसरं माणूस एकच होतं. चमेलीबाई पाच दिवस जाळरेषेवर गेली. एक हात पोटाखाली आणि एका हातात पोरीचाच खराटा, झाडत राहिली. जे टाळायला तिनं पोर पाठवली होती, ते तिला करावं लागलंच. सहाव्या दिवशी ती बाळंत झाली. मुलगी झाली, जिवंत. तिच्या हातापायांचे पंजे चमेलीबाई रोज सकाळी आधी बघायची, मग तिला पाजायची.

साल फिरलं. भागाबाई दर महिन्याला येत राहिली; कस्तुरासाठी तिनं ऊर बडवून घेतला, पण पोर तापानं गेली, पानथरी आपण बरी केलीच होती, असंच ती धरून होती. पुन्याची पानथरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन बोटं झाली, पोळ्याला दोन. "उतरी राहिनी," भागाबाई खुशीत सांगायची. चमेलीबाई मात्र आता आपलं माप मोजत होती. कारण पुन्या आता दगड मागू लागला होता. आखाजीला महिन्यातून चारदा, पोळ्याला एक दिवसाआड. दिवाळीनंतर रोज.

पौष आला. या साली आमश्याला खात्यानं गाडीवर लावलं होतं, नरडाण्याला साग पोचवायला. त्यामुळं जाळरेषेला घरातून चमेलीबाई एक, आणि दुसरा आठ वर्षांचा पुन्या, जर तो तीन बोटांच्या खाली असेल तर. तोताराम त्या दिवशी भागाबाईबरोबरच आला. घरोघर बोटं ऐकायची आणि तिथंच माणसं लिहायची, म्हणजे घोळ नको. तो दाराशी कागद घेऊन उभा राहिला. आमश्या गाडी जुंपायला निघाला होता, तो थांबला.

पुन्या निजला. भागाबाईनं बोटं घातली. पुन्हा घातली. कुशीवर वळवून घातली. तिचं तोंड फुललं.

"जिरनी!" ती ओरडली. "बठ्ठी जिरनी, माय! बोटभरबी नही!"

चमेलीबाईनं तान्ही खाली ठेवली. ती पुन्याजवळ बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आपले केस मोकळे सोडले आणि गळा काढला. रडणं नव्हतं ते. मेलेल्या माणसाशेजारी बसून बाया जो सूर लावतात तो सूर होता, नाव घेऊन, गुण सांगून. मन्हा पुन्या रे, माले बोर आनी देणारा पुन्या रे, बहीणना मांगे चालना रे.

"येडी व्हयनी का तू?" भागाबाई घाबरली. "पोऱ्या बरा व्हयना ना वं! रडस कसाले?"

"माय, मी आठेच शे ना," पुन्या मांडीवरून म्हणाला. त्यालाही रडू यायला लागलं.

तो सूर गावात सगळ्यांना माहीत होता. शेजारच्या बाया हातातलं काम टाकून, डोक्यावर पदर ओढून आल्या आणि रीतीप्रमाणे भिंतीशी बसल्या. एकीनं विचारलं, "कोन गयं?" तोताराम कागद सरळ करत म्हणाला, "पोरगा बरा झालाय. मग लिहितो, दोन माणसं."

चमेलीबाईचा सूर थांबला. "नको लिखू," ती म्हणाली. "पोऱ्या येवाव नही."

"जमीन जाईल, बाई."

"लई ले."

तोतारामनं आमश्याकडे बघितलं. "काय रे? हिला समजाव."

आमश्या पुढं आला. त्यानं पोराला उचलून घेतलं आणि क्षणभर तसाच धरून ठेवलं, वजन बघितल्यासारखा. मग तो म्हणाला, "ती म्हनस तेच. लई ले जमीन."

दुसऱ्या दिवशी ती चौघं उतरली. गाठोड्यात दोन मडकी, कोयता आणि चपटा दगड. यावलकडे केळीच्या बागांत आमश्याला आणि चमेलीबाईला काम मिळालं. पुन्याला त्यांनी कुठल्याही कामाला हात लावू दिला नाही. केळीच्या पानांखाली गारव्यात निजवून ठेवायचे, मागेल तेव्हा पाणी, मागेल तेव्हा दगड. काळीजही आणलं दोनदा. तो चैत्रात गेला. ताप आला, छातीत दुखलं आणि एका दिवसात गेला, बहिणीसारखाच. एवढाच फरक की त्याला कुणी झाडायला लावलं नव्हतं.

उंबरखोडीत ही बातमी पोचली नाही. आमश्याच्या तुकड्यावर दुसरं कुटुंब आलं, त्यांचंही एक पोर पिवळ्या डोळ्यांचं. भागाबाई महिन्याला येतच होती. तिनं त्या पोराची बोटं मोजली, तीन भरली. डागणी चुलीत सारली. आई रडायला लागली तशी भागाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"भ्यायनी का तू? याच घरमा आमश्याना दोन पोरे व्हतात," ती मायेनं म्हणाली. "दोन्हीनी चार चार बोट पानथरी व्हती. मी दोन्ही बरा कयात."